दृष्टांत हे नाव कुणी ठेवलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे परवा एका माणसाला सांगितलं. ज्या माणसाला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याच माणसाला, पण सात वर्षं उशिरा. त्याआधी कुणालाच नाही. मित्राला नाही, भावाला नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही. तिथे तर मी हा विषय मुद्दाम टाळायचो.

तुम्ही हसाल. कारण विषय काय, तर माझ्या मुलाचं नाव.

त्याचं नाव दृष्टांत. वाचताना थांबलात ना थोडं? सगळेच थांबतात. आम्ही मुळशी तालुक्यात चांद्याला राहतो, हिंजवडीच्या मागच्या अंगाला. मी तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, माझी बायको मेघा दुसऱ्या एका कंपनीत पगारांचं काम बघते. मी उदगीरचा, ती परभणीची. ज्या इमारतीत राहतो तिच्या मालकीणबाई म्हणजे कांताबाई. तळमजल्यावर त्या, त्यांच्या दोन म्हशी मागच्या गोठ्यात आणि वर आम्ही भाडेकरू. बारशाचे पेढे द्यायला गेलो तेव्हा कांताबाईंनी नाव दोनदा विचारलं आणि पेढा हातातच धरून म्हणाल्या, "दिष्टांत? आवं, पोराची दिष्ट काढायची आसती. नावात न्हाई घालायची!"

तेव्हापासून अख्ख्या आळीत तो दिष्ट्या. लसीच्या कार्डावर तो दुष्टांत झाला. दवाखान्यात कंपाउंडर "दुष्टांत कोण आहे?" असं ओरडला की रांगेतली माणसं आधी आमच्याकडे आणि मग त्या गुबगुबीत बाळाकडे बघायची. माझ्या कंपनीत कुटुंबाला घेऊन जायचा एक दिवस असतो. तिथल्या सुरक्षारक्षकानं त्याच्या छातीवरची चिठ्ठी वाचली आणि काळजीनं विचारलं, "साहब, दृष्टि का अंत? नज़र ठीक है ना बच्चे की?"

पोरगा मात्र मजेत आहे. दुसरीत आहे. कुणी नाव विचारलं की तो छाती पुढे काढून सांगतो, "द ला ऋकार, पोटफोड्या ष ला ट, काना, वर टिंब, शेवटी त." आणि समोरचा गोंधळला की त्याला आनंद होतो. त्याला त्या नावाचा काही त्रास नाही. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाहीये. किंवा... सांगतही असेन. जाऊ द्या.

तर नाव कसं ठरलं ते.

मेघाला दिवस गेले तेव्हा मुलीचं नाव आमचं पहिल्याच संध्याकाळी ठरलं. सई. दोघांनाही आवडलं, वाद नाही, विषय संपला. भांडण झालं ते मुलाच्या नावावरून. मेघाला केशव हवं होतं. का, तर तिचं म्हणणं एवढंच, "हाक मारून बघ. केशव! तोंड भरतं." मी म्हणायचो, तोंड लाडवानंही भरतं. हजार केशव आहेत जगात. माझा मुलगा कसा वेगळा हवा.

मी कविता करतो, हे सांगायला हवं. फार बऱ्या नाहीत, पण करतो. दर महिन्याला आम्ही पाचसहा जण कुणाच्या तरी घरी जमतो, वाचतो, एकमेकांना वाहवा देतो. मला मुलाचं नाव म्हणजे कवितेची पहिली ओळ वाटायची. मी रोज एक नाव घेऊन घरी यायचो. निर्झर. अनुप्रास. उत्प्रेक्ष. एकदा भाजी निवडताना मी यमक सुचवलं. मेघानं मान वर न करता विचारलं, "आणि धाकटा झाला तर गमक?" हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं आणि मग पोट दुखतंय म्हणून आम्ही दोघंही घाबरलो. असे दिवस होते ते. भांडण होतं, पण गोड होतं.

मग मला दृष्टांत सुचलं. अलंकाराचं नाव. शिवाय देव स्वप्नात येऊन काही सांगतो, तोही दृष्टांतच. मी खूश. मेघाला सांगायच्या आधी मी ते आमच्या कवींच्या बैठकीत सांगून टाकलं. काय वाहवा मिळाली! माझ्या कुठल्याच कवितेला तेवढी कधी मिळाली नव्हती. एकानं तर उठून माझा हात हातात घेतला.

मेघाला सांगितलं तर ती म्हणाली, "नको रे. केशवच."

माझी अडचण तुमच्या लक्षात आली का? मी नाव जाहीर करून बसलो होतो. पुढच्या बैठकीत जाऊन "बायको नको म्हणाली" असं सांगायचं? एवढीच अडचण. याहून मोठं काही कारण असतं तर मला आज सांगायला बरं वाटलं असतं. पण नव्हतं.

त्याच सुमारास बाबा आमच्याकडे आले. माझे वडील उदगीरला शाळेत मराठी शिकवायचे, निवृत्त झाले होते. हृदयाचं दुखणं होतं, उपचारासाठी ते आणि आई आमच्याकडे राहायला आले. बाबा अबोल. शाळेत वर्गभर आवाज घुमायचा म्हणतात, पण घरात मोजकंच बोलायचे. सुनेशी तर विचारूच नका. पाणी हवं असलं तरी आईला सांगायचे, "तिला म्हणावं, पाणी." मेघा समोरच उभी असायची. ती हसायची आणि आईनं निरोप द्यायच्या आत पाणी आणायची.

ते आमच्याकडे जेमतेम दोन महिने राहिले. मग गेले. मेघाला आठवा महिना होता.

दिवसपाणी उदगीरला झालं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आणि दुपारी घरात आम्ही चारपाच जणच उरलो. आई, मेघा, माझा धाकटा भाऊ, आत्या. मेघाला प्रवास नको म्हटलं होतं डॉक्टरांनी, तरी ती हट्टानं आली होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. कुणीतरी बाळाचा विषय काढला. घरात इतक्या दिवसांनी चांगला विषय निघाला म्हणून सगळे त्याला धरून बसले. नाव काय ठेवणार? मेघा म्हणाली, "माझ्या मनात केशव आहे." आत्या म्हणाली, छान आहे. भाऊ म्हणाला, छान आहे. मला वाटलं, गेलं. आपलं नाव गेलं.

तेवढ्यात आईनं मला विचारलं, "तुझ्या बाबांनी काही सुचवलं होतं का रे? तू बसायचास त्यांच्याजवळ संध्याकाळचा."

मी म्हणालो, "हो."

बस. तिथेच झालं. मी तेव्हाही थांबू शकलो असतो. हो म्हणून झालं तरी पुढचं वाक्य माझ्याच हातात होतं ना?

"दृष्टांत म्हणाले. मुलगा झाला तर दृष्टांत ठेव, म्हणाले."

कुणाला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. जन्मभर अलंकार शिकवलेला माणूस, त्यानं अलंकाराचं नाव सुचवलं, किती बरोबर बसलं! आत्या डोळे पुसत म्हणाली, "दादाचंच डोकं." आई तर उठून उभीच राहिली. "त्यांनी? त्यांनी नाव काढून ठेवलं होतं?" तिनं मला तीनदा विचारलं. "तुमच्या दोघांच्या बारशाला पाळण्याजवळ आले नाहीत ते. पेपर तपासत बसले होते शेजारच्या खोलीत. आणि नातवाचं नाव काढून ठेवलं?" रडत होती आणि हसत होती. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मी मेघाकडे बघितलं. तिनं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "बरं. बाबांनी सांगितलं असेल तर तेच ठेवू." केशव हे नाव तिनं त्यानंतर पुन्हा काढलं नाही. भांडणातसुद्धा नाही.

बारसं झालं. आमच्याकडे नाव आत्यानं ठेवायचं असतं. मला बहीण नाही, म्हणून चुलतबहीण आली. तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं, पण नाव सांगताना अडखळली, तर आईनंच बाजूनं ठणकावून सांगितलं, "दृष्टांत! त्याच्या आजोबांनी ठेवलंय." ती गोष्ट आई अजून सांगते. आता तिच्यात भर पडली आहे. बाबांनी म्हणे डोळे मिटले, जरा वेळ थांबले आणि मग नाव घेतलं. शेजारणींना सांगते, भाजीवाल्याला सांगते. चाळीस वर्षं जिच्याशी धड दोन वाक्यं बोलला नाही, तो नवरा तिला त्या एका नावात भेटला. तुम्ही सांगा, हे मी कसं काढून घेणार होतो?

इथे थांबलो तर गोष्ट बरी दिसते. एक लहानसं खोटं, त्यातून आईला सुख. मी स्वतःलाही ती इथपर्यंतच सांगायचो. पुढचं सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून तर सात वर्षं गेली.

मध्यंतरी कांताबाईंना नातू झाला. सुनेचं माहेर जवळच, म्हणून बारसं इथेच अंगणात. मांडव घातला होता, म्हशी बाजूला बांधल्या होत्या, सगळे भाडेकरू हजर. मला बघून कांताबाई हसत म्हणाल्या, "तुमच्या वडलांना इचारा की जरा, आमच्या नातवाला बी वरनं धाडतील एखांदं नाव! पन सोपं धाडा म्हनावं!" सगळा मांडव हसला. मीही हसलो. हसावंच लागलं.

त्यांच्याकडेही आमच्यासारखंच चाललं होतं. त्यांच्या मुलाला रेयांश हवं होतं, सुनेला मल्हारी. मुलगा म्हणत होता, मल्हारी जुनं वाटतं, लोक हसतील. पाळणा सजलेला, बायका खोळंबलेल्या. कांताबाईंनी त्याला सरळ विचारलं, "नऊ म्हैने कुनी वागिवलं?" आणि त्यानं तोंड उघडायच्या आतच पुढे म्हणाल्या, "मंग तिचं नाव ठिवा. तुला लई हौस आसंल तर म्हशीला रेडा व्हईल, त्याला ठेव रेयांश." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सुनेचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मल्हारी नाव पडलं. मोठा आवाजी पोरगा आहे, त्याला ते शोभतंसुद्धा.

जिना चढताना मेघा माझ्यापुढे होती. दृष्टांत वर पळाला होता. ती म्हणाली, "नशीबवान आहे ती." तक्रारीनं नाही, सहजच म्हणाली. मग वरच्या पायरीवर थांबून म्हणाली, "नावाचं काही नाही रे. मला आता हेच आवडतं. पण मी बाबांना आवडले होते की नाही, ते मला कधी कळलंच नाही. दोन महिने एका घरात होतो. एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी. आणि जाताना माझंच नाव तेवढं खोडून गेले."

मी किल्ली काढली आणि दार उघडलं.  विषय टाळायची सवय होती.

आता सांगतो ते ऐका. बाबांनी मला नावाबद्दल खरंच सांगितलं होतं.

जायच्या आधी दोनतीन आठवडे असतील. आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. समोर नव्या इमारतीचं काम चाललं होतं, काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता, म्हणून बाबांना आवाज चढवून बोलावं लागत होतं आणि ते त्यांना आवडत नव्हतं. मी त्यांना मोठ्या हौसेनं दृष्टांत सांगितलं. वाटलं, अलंकार ऐकून खूश होतील. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "केशव चांगलं आहे. मेघा बरोबर म्हणते. अलंकार तुझ्या कवितेत घाल. लेकराला हाक मारायला नाव लागतं, व्याख्या नाही."

 मिक्सर थांबला. मग ते जरा हळू म्हणाले, "तिला सांग, मला तिचं नाव आवडलं म्हणून. मला नाही जमत असलं बोलायला. आणि हे पण सांग, की ती माझी भाकरी रोज दुधात कुस्करून ठेवते, मी मागायच्या आधी, कुणाला न दाखवता, ते मला कळतं. दाढा नाहीत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं. पोरगी चांगली आहे. सांगशील ना?"

मी म्हणालो, सांगतो.

आणि सांगितलं नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कारण निरोप दिला असता तर केशव पक्कं झालं असतं. भाकरीचं तेवढं सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. पण मला भीती वाटली, ती विचारेल, आणखी काय म्हणाले? म्हणून मी तेही गिळलं. बाबांनी आयुष्यात सुनेसाठी एकच निरोप दिला आणि तो द्यायला चुकीचा माणूस निवडला. आणि ते गेल्यावर मी नुसता गप्प बसलो नाही. त्यांच्याच तोंडी मी बरोबर उलटं वाक्य घातलं.

परवा रविवारी सांगितलं. मेघा ओट्याजवळ स्टुलावर बसून लसूण सोलत होती, दृष्टांत खाली मल्हारीच्या पाळण्याला झोके देत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. तिचे हात थांबले. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर सोपं झालं असतं.

तिनं विचारलं, "भाकरीचं काय म्हणाले? त्यांच्या शब्दांत सांग."

मी सांगितलं.

"परत सांग."

परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग ती म्हणाली, "पोरगी चांगली आहे, असं म्हणाले?" आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली, "दाढा नाहीत हे लपवायचे रे! शेंगदाणे घ्यायचे मुठीत आणि खिशात टाकायचे! धोतर धुताना मला सापडायचे ते... नाही, सदरा. सदऱ्याच्या खिशात." ती बाबांच्या आठवणी सांगत राहिली, माझ्याकडे न बघता, जणू ते नुकतेच घरात आले होते. बऱ्याच वेळानं तिला माझी आठवण झाली. म्हणाली, "तुझं काय करायचं ते मला आत्ता माहीत नाही." मी म्हटलं, बरं. "आणि आईंना?" मी म्हटलं, मला नाही सांगवणार. "नको सांगू मग. पण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

जेवायला मात्र नेहमीसारखी बसली. ताक वाढलं, मीठ कमी आहे म्हणाली. एवढंच.

काल सकाळी शाळेची गाडी यायच्या आधी ती दारात बसून पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. मी डबा भरत होतो. ती सहज, गाठ मारता मारता म्हणाली, "केशव, पाय सरळ ठेव."

तो म्हणाला, "केशव कोण?"

"तुझ्या आजोबांना आवडायचं ते नाव."

"आजोबांनी तर दृष्टांत ठेवलं. आजी म्हणते."

मेघा दुसऱ्या बुटाला लागली. मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वेळ दिला तिनं, पुरेसा.

"आजोबांनी नाही ठेवलं," मी म्हणालो. "मी ठेवलं. आणि आजोबांनी ठेवलं असं सगळ्यांना खोटंच सांगितलं."

"तू खोटं बोललास?" त्याचे डोळे असे चमकले की जणू मी त्याला सुट्टी दिली. "आजीशी पण?"

"हो. आजीशी पण."

"बापरे!" असं म्हणून तो दप्तर घेऊन दोनदोन पायऱ्या उतरत खाली पळाला, आणि गाडीत बसायच्या आत त्यानं कांताबाईंना गाठून सांगायला सुरुवात केलेली मला वरून ऐकू आली.

दिवाळीला आई येणार आहे. तोवर तो कशाला थांबतोय? पुढच्या फोनवरच सांगेल. त्याच्या पोटात काही राहत नाही. हे त्यानं माझ्याकडून घेतलेलं नाही.